डोमेनचा सातबारा कुणाच्या नावावर?

समजा, आरोंद्याला खाडीकाठी तुमच्या काकांचा होमस्टे आहे. चार वर्षांपूर्वी ओळखीच्या एका पोराने वेबसाइट करून दिली. तो आता पुण्याला नोकरीला. डॉट कॉमच्या रिन्यूअलचा रेट वाढलाय आणि काका म्हणतायत, "तू कॉम्प्युटर शिकतंस मां, बघ जरा!"

डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेणं म्हणजे मोबाइल नंबर पोर्ट करण्यासारखंच. जुन्या खात्यातला लॉक काढायचा, ऑथ कोड घ्यायचा, नव्या कंपनीला द्यायचा. एका वर्षाचे पैसे पडतात, पण मुदतही वर्षभर वाढते. जुनी कंपनी गप्प बसली तरी साधारण पाच दिवसांत काम होतं.

खरी गोम पुढे आहे. खातं कुणाच्या ईमेलवर? बहुतेक वेळा त्या पोराच्याच! पैसे काका भरतात, पण नोंदीत मालक तो. त्याला गोडीत फोन करा, पण आधी नाव बदलायला सांगू नका. मालकाचं नाव बदललं की सहसा ६० दिवस डोमेन हलवता येत नाही. नवीन नोंदणीनंतरही तेच. म्हणून आधी कोड मागा, डोमेन काकांच्या नव्या खात्यात आणा, नाव मग बदला.

अजून एक. डीएनएस जुन्या कंपनीकडे असेल तर सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढून त्या आधीच नवीकडे भरा. नाहीतर साइटसोबत ईमेलही गप्प. आणि हा उद्योग ऐन दिवाळीच्या बुकिंगमध्ये नको, गणपतीआधीच उरका.