काश्मिरातील पाहुण्या माशाचा मागोवा

तपकिरी ट्राउट हा सामन-कुलातील, मूळचा युरोपच्या थंड वाहत्या पाण्यातला मासा. परंतु काश्मिरात तो आज इतका रुळला आहे की, पहलगामच्या पुलावरून लिद्दरच्या प्रवाहात डोकावणाऱ्या प्रवाशाला तो तेथला मिरासदारच वाटावा. वास्तविक त्याच्या तेथील वस्तीला जेमतेम सव्वाशे वर्षे झाली आहेत.

महाराजा प्रतापसिंहांच्या कारकीर्दीत, १८९९ साली, बेडफर्डच्या ड्यूकने धाडलेली दहा हजार अंडी वाटेतच निकामी झाली. त्यात नवल नव्हते. वाटाण्याहून लहान, पिवळसर-नारिंगी अंड्याच्या पारदर्शक कवचातून पिलाच्या डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसू लागले, म्हणजे ते अंडे थोडेफार हेलकावे सोसते. पण ओल आणि गारवा यांत झालेली कसूर त्याला मुळीच खपत नाही, आणि इथे तर समुद्र ओलांडून, मैदानी मुलूख तुडवून झेलमचे खोरे गाठायचे होते! १९०० च्या अखेरीस स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप मात्र जगली. श्रीनगरातील गालिच्यांचे कारखानदार फ्रँक मिचेल यांनी त्यांतली काही पिले आपल्या देखरेखीखाली वाढविली, आणि पुढे दरबारच्या मत्स्यखात्याचा कारभारही याच गृहस्थांनी पाहिला. विणकरांचा धनी माशांचा पालक व्हावा हा योग मोठा मौजेचा. पण शेकडो गाठी मोजण्याची चिकाटी अंडी राखण्याच्या कामीही आली असावी, असे माझे आपले मत.

१९०९ मध्ये काश्मीरची अंडी कुलूस पोहोचली आणि बियासच्या पाण्यातही हा वंश वाढला.

हा सारा बंदोबस्त झाला तो साहेबलोकांच्या गळाच्या हौसेसाठी, हे विसरून चालणार नाही. हा पाहुणा मांसाहारी. खोऱ्यातल्या असेला-जातीच्या देशी माशांशी त्याने अन्नाची आणि जागेची स्पर्धा मांडली, त्यांची पिलेही गिळली. परवाना, मोसम, राखीव पाणी हा सगळा कायदेशीर थाट पाहुण्यासाठी झाला. यजमानाची विचारपूस फार उशिरा झाली, आणि ही मला त्या काळच्या कारभारातली ठळक उणीव वाटते.

१९८४ मध्ये युरोपीय समुदायाच्या साहाय्याने कोकरनागच्या झऱ्यावर मत्स्यपालन-केंद्र उभे राहिले, आणि हौसेचा मासा ताटातला झाला. मात्र तेथील हौदांत वाढतो तो मुख्यतः त्याचा अमेरिकी भाऊबंद, इंद्रधनुषी ट्राउट, कारण कोंडलेल्या पाण्यात तो लवकर पोसतो. तपकिरी ट्राउट अजूनही नद्यांतच, हिवाळ्याच्या गारठ्यात, गोट्यांच्या खाचेत अंडी घालतो. त्याच्यासाठी गळ टाकण्याची इच्छा असेल, तर मत्स्यखात्याचा परवाना आधी घ्यावा.