भागवंतीची बाजू

'हम लोग'मधले आवडते पात्र कोणते, असे विचारले की बहुतेक जण बडकीचे नाव घेतात. माझे मत मात्र तिच्या आईला, भागवंतीला.

मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका दूरदर्शनवर जुलै १९८४ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर १९८५ मध्ये संपली. करमणुकीतून प्रबोधन करायचे, ही कल्पना मेक्सिकोतल्या मालिकांवरून घेतलेली. अशा मालिकेत काही पात्रे अनुकरणासाठी असतात, तर काही इशारा म्हणून. दारुड्या बसेसर रामचा संसार निमूटपणे ओढणारी, सासूची बोलणी खाणारी भागवंती दुसऱ्या प्रकारातली. तिच्याकडे पाहून बायकांनी 'असे सोसू नये' म्हणावे, हा हेतू. घडले भलतेच! पुढे झालेल्या अभ्यासात दिसले की कित्येक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले.

प्रत्येक भागाच्या शेवटी दादामुनी अशोककुमार येऊन बोध सांगत. (तो भाग मला जरा शाळेतल्या तासासारखा वाटतो.) पण जयश्री अरोरांच्या भागवंतीचा थकलेला चेहरा तोवर मनात बसलेला असे, त्यापुढे बोध कुठला टिकणार? हा लेखकाचा पराभव म्हणतात. मला ते पटत नाही. खरे माणूस उभे केले की ते लेखकाचेही ऐकत नाही.

आईने ही मालिका तेव्हा पाहिली होती. परवा भागवंतीचा विषय काढला, तर पोळी लाटता लाटता म्हणाली, "तिच्यामुळंच तर ते घर टिकलं." मी वाद घालायला तोंड उघडले, पण आईचे लाटणे थांबले नव्हते.