थर्मोकोल: मखर, मासळी आणि एक टाकी

मखर कापायला करवत चालत नाही, तिनं थर्मोकोलचा नुसता भुगा होतो. म्हणून कारागीर लाकडी चौकटीत नायक्रोमची बारीक तार ताणतात, ट्रान्सफॉर्मरवरून तिला वीज देतात आणि तार तापली की पांढरा ठोकळा तिच्याभोवती फिरवतात. कमानी, महिरपी, कमळं, मोर सगळं त्या तारेतून उतरतं. आवाज जवळजवळ नसतोच. असतो तो वास, गोडसर आणि नाकात चढणारा. बंद खोलीत तासभर काम चाललं की डोकं धरतं. तारेच्या धगीनं थर्मोकोलमधल्या पॉलिस्टायरीनच्या लांबलचक साखळ्या तुटतात आणि त्यांचा मूळ घटक, स्टायरीन, वाफ होऊन सुटतो. हा वास मुख्यतः त्याचाच.

हे स्टायरीन पहिल्यांदा माणसाच्या हाती आलं ते धुपात पडणाऱ्या शिलारसातून. १८३९ मध्ये बर्लिनमधल्या एडुआर्ड झिमोन या औषधविक्रेत्यानं शिलारसाचा अर्क काढला. तेलासारखा हा द्रव ठेवल्या जागी काही दिवसांनी आपोआप घट्ट होतो, हेही त्याच्या लक्षात आलं. आज स्टायरीन खनिज तेलापासून मिळणाऱ्या बेन्झीन आणि इथिलीनपासून बनतं. १९५० च्या सुमारास जर्मनीच्या ‘बीएएसएफ’ कंपनीनं पॉलिस्टायरीनच्या मण्यांत पेंटेन कोंडून ते वाफेनं फुगवायची पद्धत आणली. फुगलेल्या मालात सुमारे ९८ टक्के हवा असते. थर्मोकोल स्वस्त का, हलका का आणि पुढे भंगारवाला त्याला हात का लावत नाही, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर या आकड्यात आहे. हातगाडी भरेल एवढा माल काट्यावर ठेवला तरी वजन अगदीच कमी भरायचं. त्यासाठी कोण पायपीट करील?

थर्मोकोलच्या पेल्यातून चहा प्यायल्यानं कर्करोग होतो का? व्हॉट्सअॅपवरचे डॉक्टर ‘होतोच’ म्हणतात, पेले विकणारा ‘काही होत नाही हो’ म्हणतो. दोघांचंही ऐकू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये स्टायरीनला एक पायरी वर चढवलं आणि ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. पण त्यामागचा माणसांमधला पुरावा मुख्यतः कारखान्यातल्या कामगारांचा आहे, रोज वर्षानुवर्षं ही वाफ छातीत भरून घेणाऱ्यांचा. पेल्यातून चहात उतरणारं स्टायरीन त्या मानानं फारच कमी असतं. मात्र ते उतरतं, हे नक्की. पदार्थ जितका गरम, जितका तेलकट आणि जितका वेळ भांड्यात राहील तितकं जास्त. म्हणजे लग्नाच्या पंगतीत तर्रीदार रस्सा वाढायला थर्मोकोलची वाटी ही सगळ्यात वाईट निवड होती, आणि नेमकी तीच वर्षानुवर्षं सर्रास वापरली गेली.

घरच्या घरी एक गोष्ट करून पाहता येते. संत्र्याची ताजी साल थर्मोकोलच्या तुकड्यावर पिळावी. जिथं तेलाचे थेंब उडतात तिथं पृष्ठभाग विरघळून बारीक खड्डे पडतात. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनिन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. चहात लिंबाची सालासकट फोड टाकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

खरी किंमत मात्र पेला हातात धरणारा मोजतच नाही. ७ मे २०२० च्या पहाटे तीनच्या सुमारास विशाखापट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटापुरम गावात लोक झोपेत होते. शेजारच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यात स्टायरीनची मोठी टाकी टाळेबंदीमुळे कित्येक आठवडे तशीच भरून पडली होती. झिमोनच्या बाटलीत जे संथपणे झालं तेच इथं अक्राळविक्राळ झालं. स्टायरीन आपोआप घट्ट होऊ लागलं, त्या क्रियेतून उष्णता निघाली, उष्णतेनं क्रिया आणखी वेगात आली आणि वाफ टाकीबाहेर फुटली. बारा जणांचा जीव गेला, शेकडो लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. रस्त्यात चालता चालता कोसळलेली माणसं देशानं टीव्हीवर पाहिली. आंध्र सरकारच्या चौकशी समितीनं नोंदवलेल्या गोष्टी वाचून संताप येतो. तापमापक होता तो टाकीच्या तळाशी, वरच्या थराचं तापमान कोणी पाहतच नव्हतं. ही आपोआप होणारी क्रिया रोखणारं रसायन साठ्यात नव्हतं. आणि गावाला सावध करणारा सायरन वाजलाच नाही.

वापर संपल्यावरचं रडगाणं वेगळंच. ससून डॉक असो की रत्नागिरीचा मिरकरवाडा, बर्फातली मासळी थर्मोकोलच्या खोक्यांतून निघते. खोकी फुटतात, त्यांचे मणी सुटतात आणि लाटांवर तरंगत राहतात. जाळ्यानं ते गोळा होत नाहीत, मासे आणि पाखरं खाद्य समजून ते गिळतात. थर्मोकोल ‘हजारो वर्षं’ टिकतो असं छापलं जातं. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की उन्हात पॉलिस्टायरीनचं विघटन काही दशकांत ते काही शतकांत होऊ शकतं. बातमी बरी आहे, पण किनाऱ्यावरच्या कासवाला तिचा काय उपयोग? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये थर्मोकोल खाऊन पचवणाऱ्या अळ्या दाखवल्या, तेव्हाही अशीच वाहवा झाली. शंभर अळ्या मिळून दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम खातात. एका मखराला किती अळ्या लागतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. कचराकुंडीपाशी थर्मोकोल पेटवून देणं हा तर सगळ्यात वाईट इलाज. काळा धूर, काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि पुन्हा तेच स्टायरीन.

महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ रोजी जी बंदी आणली तिच्या नावातच प्लास्टिकच्या जोडीला थर्मोकोल होता. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. मखरवाले त्या वर्षापुरती तरी सूट मागायला मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयानं ती दिली नाही. त्यांची अडचण खरी होती, हंगामाचा माल तयार पडला होता. तरीही निकाल योग्यच होता. पुठ्ठा, कापड, बांबू यांची मखरं आली आणि गणपतीचं काहीही अडलं नाही. पंगतीसाठी पळसाची पत्रावळ होतीच, कोकणात पोफळीच्या विऱ्यांच्या ताटल्याही होऊ लागल्या. १ जुलै २०२२ पासून केंद्राची देशव्यापी बंदी लागू झाली.

केंद्रानं बंदी घातलेल्या वस्तूंच्या यादीत सजावटीचा थर्मोकोल आहे, पेले-ताटल्या आहेत. फ्रिज, टीव्ही, मिक्सरच्या खोक्यातलं पॅकिंग नाही. म्हणजे ज्याचं पोट हंगामावर चालतं त्या कारागिराच्या हातातला तुकडा बेकायदा आणि मोठ्या कंपनीच्या खोक्यातला ठोकळा कायदेशीर. या दिवाळीत घरात नवी वस्तू येणार असेल, तर पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, ‘हा थर्मोकोल तुम्ही परत नेणार का?’ नाही म्हणाला, तर पुठ्ठ्याच्या पॅकिंगमधली वस्तू दाखवायला सांगा.