जर्मनच्या गंजामागचं तपकिरी पाणी

चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, बोटानं वाजवून घेतात; त्याचं कूळ कुणी विचारत नाही. (पुण्याकडच्या पाहुण्याला वाटेल, हे लोक गंज विकतही घेतात!)

हे कूळ आपल्या ओळखीचं आहे. वऱ्हाडातली काळी माती आणि राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीचं बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, दोघांचा मूळपुरुष दख्खनचा काळा पाषाण. तिकडच्या धुवाधार पावसानं खडकातली सिलिका वाहून नेली, ॲल्युमिना मागे राहिला. तिथल्या खडकाळ पठारावर, म्हणजे सड्यावर, झाडोराही वाढला. त्याची कुजलेली मुळं आणि पालापाचोळा बॉक्साइटसोबत बेळगावसारख्या ठिकाणच्या कारखान्यांत जातो.

कार्ल बायर यांनी १८८८ मध्ये पेटंट घेतलेली रीत आजही चालते. बॉक्साइट कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात विरघळवायचं, लाल चिखल वेगळा काढायचा, द्रावण निवलं की विरजण लावावं तसे जुने कण टाकून ॲल्युमिनाचं हायड्रेट पाडायचं. उरलेला सोडा पुन्हा पहिल्या टाकीत. भज्यांच्या कढईत तेच तेल दिवसभर फिरावं तसं हे. प्रत्येक फेरीत कुजक्या मुळांचा अर्क साचतो. द्रावण तपकिरी होतं, फेसाळतं. सोडियम ऑक्झलेटच्या सुया पडतात, हायड्रेटचे कण बारीक राहतात, उत्पन्न घटतं.

जुना इलाज म्हणजे थोडं द्रावण आटवून भट्टीत भाजणं. इंधन भरपूर लागतं. नवा इलाज ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड, अतिनील प्रकाश यांतून तयार होणाऱ्या अतिचपळ रॅडिकल्सचा. सांडपाण्यात ही युक्ती छान चालते, इथे मात्र अडते. एवढ्या तीव्र अल्कलीत पेरॉक्साइड कामाला लागण्याआधीच फुटून पाणी आणि ऑक्सिजन होतं. गडद द्रावणात प्रकाश खोल शिरत नाही. विरघळलेलं कार्बोनेट मधल्या मध्ये रॅडिकल्स गिळतं.

खरी मेख पुढेच आहे. रंग लवकर उतरतो, आणि बघणारा खूश होतो. पण मोठे रेणू अर्धवट तुटले की त्यांतूनच ऑक्झलेट तयार होतं, म्हणजे ज्याला घालवायचं तेच वाढतं! म्हणून फिका रंग दाखवणाऱ्या प्रयोगावर माझा भरवसा नाही. ऑक्झलेटचा आकडा दाखवा. नागपुरात अमरावती रोडवर, वाडीला, जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं ॲल्युमिनियम संशोधन केंद्र १९८९ पासून आहे. बॉक्साइट आणि ॲल्युमिना हे तिथल्या अभ्यासाचे विषय. असे आकडे काढायचे ते अशाच प्रयोगशाळांत.

ऑक्सिडीकरण पुरतं झालं तर शेवटी उरतं सोडियम कार्बोनेट. त्यात चुना कालवला की कार्बोनेट कॅल्शियमसोबत तळाशी बसतं आणि मोकळा झालेला कॉस्टिक सोडा परत पहिल्या टाकीकडे निघतो.