विश्लेषण : ‘कष्टाळू बाप, भावंडांसाठी झटलेला भाऊ’... अमेरिकेतील फिलिपिनो स्थलांतरितांच्या या ओळखीमागे कोणता इतिहास?

अमेरिकेतील फिलिपिनो कुटुंबात एखादे वयस्क माणूस गेले, की त्याच्या आठवणी सांगताना दोन गोष्टी बहुधा येतातच. तो कष्टाळू बाप होता आणि भावंडांसाठी झटलेला भाऊ होता. ऐकायला हे कोणत्याही घरातले वाटेल. पण या समाजाबाबत ‘बाप’ आणि ‘भाऊ’ या दोन्ही नात्यांना कायद्याचा मोठा इतिहास आहे. एका पिढीला बाप होणेच कठीण करून ठेवले गेले, तर पुढच्या पिढीतील भावाला आपल्या भावंडांसाठी दोन दशकांहून अधिक काळ रांगेत थांबावे लागते.

‘मनोंग’ म्हणजे कोण?

फिलिपिन्सच्या उत्तरेकडील इलोकानो भाषेत थोरल्या भावाला ‘मनोंग’ म्हणतात. तागालोग भाषेत त्यालाच ‘कुया’ म्हणतात. १८९८ च्या पॅरिस करारानुसार स्पेनने दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात फिलिपिन्स अमेरिकेकडे सोपवले. त्यामुळे फिलिपिनो माणूस अमेरिकेचा नागरिक झाला नाही, पण परकाही राहिला नाही. तो अमेरिकेत मुक्तपणे येऊ शकत होता. १९०६ मध्ये हवाईतील उसाच्या मळ्यांसाठी पहिले १५ मजूर आले. १९२० च्या दशकात हजारो तरुण कॅलिफोर्नियातील शेतांत आणि अलास्कातील मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत कामाला लागले. त्यातील बहुतेक एकटे, अविवाहित होते. एकाच खोलीत चार-सहा जणांनी राहायचे, हंगाम संपला की पुढच्या पिकाच्या मागे जायचे, असा त्यांचा क्रम होता. घरापासून दूर असलेली ही मुले आपल्याहून मोठ्या सोबत्याला ‘मनोंग’ म्हणत. पुढे त्या संपूर्ण पिढीलाच हे नाव पडले.

त्यांना बाप होणे कठीण का होते?

१९३० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील फिलिपिनोंमध्ये स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. गोऱ्या स्त्रीशी लग्न करायचे तर कायदा आडवा येत असे. फिलिपिनो ‘मंगोल’ नसून ‘मलय’ आहेत, त्यामुळे विवाहबंदी त्यांना लागू होत नाही, असा निकाल १९३३ मध्ये साल्व्हाडोर रोल्डन यांच्या खटल्यात लागला. पण विधिमंडळाने लगोलग कायद्यात ‘मलय’ हा शब्द घालून ती वाट बंद केली. कॅलिफोर्नियातील ही बंदी १९४८ मध्ये न्यायालयाने रद्द केली. द्वेष कागदापुरता नव्हता. जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिल येथे गोऱ्या जमावाने फिलिपिनो मजुरांवर हल्ले केले आणि त्यात २२ वर्षांचा फर्मिन तोबेरा गोळी लागून मरण पावला. १९३४ च्या कायद्याने फिलिपिन्सला स्वातंत्र्याचे आश्वासन दिले, पण त्याच वेळी फिलिपिनोंच्या स्थलांतराला वर्षाला अवघ्या ५० जणांची मर्यादा घातली. गावाकडून वधू आणावी तर तोही मार्ग जवळपास बंद झाला. अनेक मनोंग आयुष्यभर एकटेच राहिले.

लॅरी इटलियोंग यांचे स्मरण का केले जाते?

२५ ऑक्टोबर हा दिवस कॅलिफोर्नियात ‘लॅरी इटलियोंग दिन’ म्हणून पाळला जातो. १९१३ मध्ये पांगासिनान प्रांतात जन्मलेले इटलियोंग १९२९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी अमेरिकेत आले. वकील व्हायची इच्छा होती, पण वाट्याला शेतमजुरी आली. कामावरील अपघातात तीन बोटे गेली आणि ‘सात बोटांचा’ हे टोपणनाव कायमचे चिकटले. ८ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली डेलानो येथील फिलिपिनो द्राक्ष मजुरांनी संप पुकारला. यापूर्वी मळेमालक फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकन मजूर आणत आणि मेक्सिकन गेले की फिलिपिनो. ही खेळी ओळखून इटलियोंग यांनी सेझार चावेझ यांना साद घातली. सुमारे आठवड्याभरात मेक्सिकन मजुरांची संघटनाही संपात उतरली. द्राक्षांवर देशव्यापी बहिष्कार झाला आणि १९७० मध्ये मळेमालकांना करार करावे लागले. सात मुलांचे वडील असलेले इटलियोंग १९७७ मध्ये, ६३ व्या वर्षी वारले. श्रेय मात्र दीर्घकाळ चावेझ यांच्याच नावे राहिले.

भावाच्या नात्याचे उदाहरण कोणते?

याच संपातील दुसरे नेते फिलिप व्हेरा क्रूझ १९२६ मध्ये अमेरिकेत आले. स्वतःचे शिक्षण मागे पडले, पण धाकट्या भावंडांच्या शिक्षणासाठी ते मजुरीतून पैसे पाठवत राहिले. मायदेश पुन्हा पाहायला त्यांना पन्नासहून अधिक वर्षे लागली. भावंडे शिकली, पण ती शिकताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ज्या मनोंगांना घर नव्हते, त्यांच्यासाठी डेलानोजवळ १९७४ मध्ये ‘अग्बयानी व्हिलेज’ हे वृद्धनिवास उभे राहिले. संपकाळात निदर्शने करताना हृदयविकाराने मरण पावलेल्या एका मजुराचे नाव त्याला दिले आहे.

१९६५ नंतर काय बदलले?

डेलानोचा संप सुरू झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी नव्या स्थलांतर कायद्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वाक्षरी केली. वंश आणि देशावर आधारलेला जुना कोटा गेला व कुटुंबाच्या एकत्रीकरणाला प्राधान्य मिळाले. अमेरिकी नागरिक झालेली व्यक्ती सख्ख्या भावंडांसाठीही अर्ज करू शकत होती. परिचारिका, अभियंते, खलाशी म्हणून आलेल्या फिलिपिनोंनी हेच केले. एक जण आधी जायचा, कमवायचा, नागरिक व्हायचा आणि मग मागच्यांना बोलवायचा. आज अमेरिकेत ४० लाखांहून अधिक फिलिपिनो वंशाचे लोक आहेत.

मग अडचण कोठे आहे?

अडचण रांगेत आहे. भावंडांच्या गटात जगभरासाठी वर्षाला सुमारे ६५ हजार व्हिसा असतात. त्यातच त्यांचे पती-पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलेही मोजली जातात. शिवाय एका देशाच्या वाट्यावर सर्वसाधारणपणे सात टक्क्यांची मर्यादा आहे. परिणामी फिलिपिनो भावंडांची प्रतीक्षा २० वर्षांच्या पुढे जाते. अर्ज करताना पाळण्यातले असलेले मूल नंबर येईपर्यंत वय ओलांडून यादीतून गळू शकते.

बोलावणारा भाऊच गेला तर?

तर सहसा अर्जही जातो. तो मंजूर व्हायचा असेल, तर तेथेच संपतो. मंजूर होऊन रांगेत असेल, तर ती मंजुरी आपोआप रद्द होते. ज्याच्यासाठी अर्ज आहे ती व्यक्ती भावाच्या मृत्यूसमयी अमेरिकेतच राहत असेल, तर काही सवलत मिळते. अन्यथा मानवतेच्या कारणावरून मंजूर अर्ज पुन्हा जिवंत करण्याची विनंती करता येते. त्यासाठी अमेरिकेतील दुसऱ्या जवळच्या नातेवाईकाला आर्थिक हमी द्यावी लागते आणि अंतिम निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतो. चाळिशीत अर्ज करणारा भाऊ नंबर येईपर्यंत साठी ओलांडतो. आयुष्यभर राबलेल्या शरीराला तेवढी वर्षे मिळतीलच, याची खात्री नसते. म्हणूनच अनेक घरांत भावाच्या जाण्याचे दुःख दुहेरी असते.

भारतीयांशी याचा संबंध काय?

संबंध थेट आहे. फिलिपिनोंना अमेरिकी नागरिकत्वाचा हक्क देणारा २ जुलै १९४६ चा लूस-सेलर कायदा भारतीयांसाठीही तोच होता. दोन्ही देशांना वर्षाला शंभर-शंभर जागा मिळाल्या. आज भावंडांच्या रांगेत फिलिपिन्स आणि मेक्सिकोप्रमाणे भारतही मागे पडलेला आहे. न्यू जर्सीतील दादाने वीस वर्षांपूर्वी भरलेल्या अर्जाची तारीख पुण्या-ठाण्यातल्या घरांतही दर महिन्याला तपासली जाते. हा गट रद्द करावा, असे प्रस्ताव अमेरिकेत अधूनमधून पुढे येतात. भाऊ म्हणजे जवळचे कुटुंब नव्हे, असा त्यामागचा युक्तिवाद. ज्या समाजात थोरल्या भावाने बापाची जागा घेऊन घर उभे केले, त्याला तो पटणे अवघड आहे.