हेपरिनची सुई बंद करण्याआधी

दिंडोशी, पठाणवाडीतल्या घरांत एखाद्या सुनेचा दोन-तीनदा गर्भपात झाला की 'नजर लागली' म्हणून विषय मिटतो. कधी कधी यामागे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असतो. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते आणि रक्तात गुठळ्या होतात. गंमत म्हणजे लॅबच्या नळीत हेच रक्त गोठायला उशीर लावतं.

एकदा गुठळी झालेल्यांना एरवी वॉरफरिन देतात. आयएनआर साधारण 2 ते 3 हवा. वर गेला तर रक्तस्रावाची भीती, खाली आला तर गुठळीची. तपासणीची कटकट नको म्हणून काही जण रिव्हारॉक्सबॅन मागतात, पण जास्त धोक्याच्या रुग्णांवरची इटलीतली चाचणी 2018 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, गुठळ्या वाढल्या म्हणून.

गरोदरपणात वॉरफरिनने बाळात व्यंग येऊ शकतं. हेपरिन वारेतून बाळाकडे जात नाही, म्हणून ती सुई, सोबत कमी डोसची अ‍ॅस्पिरिन. आता खरी अडचण: हेपरिन बहुतेक डुकराच्या आतड्यापासून बनतं. लपवायचं कशाला? पण हे कळल्यावर कुणी गुपचूप सुई बंद करतं, तिथे आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ होतो. मजबुरीची सवलत कुरआनातच आहे (2:173). मौलानांना जरूर विचारा, सुई चालू ठेवून विचारा. फॉन्डापॅरिनक्स कृत्रिम आहे, पण गरोदरपणातला त्याचा अनुभव कमी. ते डॉक्टरांनीच ठरवावं.

हेपरिनने प्लेटलेट घटू शकतात, म्हणून रक्त तपासत राहायचं. नाकातून रक्त थांबेना, शी काळी झाली, एक पाय सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना.

निदानाची तपासणी पॉझिटिव्ह आली तरी 12 आठवड्यांनी पुन्हा करतात. रक्ताच्या अशा आजारांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था परळला केईएमच्या आवारातच आहे.