दुसरी बेस गिटार घेण्याआधी : पालक आणि शिक्षकांनी काय तपासावं?



मूल वर्ष-दीड वर्ष बेस गिटार शिकलं की घरात एक मागणी हमखास येते. "ही गिटार साधी आहे, आता चांगली घेऊ या ना!" आपल्या नवी मुंबईत या मागणीला निमित्तंही मिळतात. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले वाजवून गेले. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये बँड असतात, आणि बँडला बेस वाजवणारा लागतोच.

मग पालक विचारतात, "सर, कोणती घेऊ?" उत्तर देण्याआधी आपण दुसराच प्रश्न विचारायला हवा. सध्याची गिटार खरंच कमी पडते आहे, की तिचं सेटिंग बिघडलं आहे?

हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. तारा फार उंच असल्या की बोटं दुखतात, सूर नीट उमटत नाही आणि मुलाला वाटतं, "मलाच जमत नाही." वाद्याचा दोष मूल स्वतःवर घेतं आणि हळूहळू क्लास सुटतो. म्हणून आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधू या.

बेस गिटार म्हणजे काय?

बेसला साधारणपणे चार तारा असतात : ई, ए, डी, जी. साध्या गिटारीच्या वरच्या चार जाड तारांचेच हे सूर, पण एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे ४१ हर्ट्झ. पुढच्या तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या.

पूर्वी हे काम उभ्या, मोठ्या डबल बेसकडे असे. त्याला फ्रेट, म्हणजे पडदे, नसत. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी पडदे असलेली इलेक्ट्रिक बेस बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव ठेवलं 'प्रिसिजन बेस'. आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस आहे. मुलांना ती गाणी हेडफोनवर ऐकवा आणि फक्त बेसकडे लक्ष द्यायला सांगा. बेस गाण्यात काय काम करते ते लगेच कळतं.

आधी सध्याची गिटार तपासा

पुढच्या चार गोष्टी घरीच बघता येतात.

१. तारा किती जुन्या आहेत? आपल्याकडची हवा खाडीकाठची, दमट. पावसाळ्यात तारांवर गंज चढतो आणि आवाज बोथट होतो. वर्षभर तारा बदलल्या नसतील तर आधी त्या बदला. नेहमीचा संच ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा असतो. लहान बोटांसाठी त्याहून बारीक संचही मिळतो.

२. नेक सरळ आहे का? जाड तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. मध्ये, सातव्या-आठव्या पडद्याजवळ, तार आणि पडदा यांच्यात साधारण व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट हवी. फट मोठी असेल तर नेक पुढे वाकली आहे. फटच नसेल तर ती मागे गेली आहे.

३. तारांची उंची किती? बाराव्या पडद्यावर पट्टी लावून मोजा. पडद्यापासून तारेपर्यंत २ ते २.५ मिलिमीटर ठीक आहे. ४ मिलिमीटर असेल तर मुलाची तक्रार खरी आहे.

४. सूर जुळतो का? मोकळी तार ट्यूनरवर अचूक लावा. मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. तोच सूर एक सप्तक वर यायला हवा. ट्यूनर वर किंवा खाली दाखवत असेल तर ब्रिजवरची तारेची लांबी जुळवावी लागेल.

हे चारही दोष 'सेटअप'मध्ये दुरुस्त होतात. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. ती ॲलन कीने थोडी फिरवली की नेक सरळ होते. मात्र पहिल्यांदा हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या. सळई जोर लावून फिरवली तर नेक कायमची जाते. नव्या तारांसकट सेटअपचा खर्च नव्या गिटारीच्या तुलनेत किरकोळ असतो.

सेटअप झाल्यावर महिनाभर थांबा. बऱ्याचदा नव्या गिटारीची मागणी तिथेच थांबते.

नवी कधी घ्यावी?

सेटअपनंतरही नेक सरळ होत नसेल, खुंट्या सूर धरत नसतील, पडदे झिजून खड्डे पडले असतील किंवा वाद्याचा आकार मुलाच्या अंगाला जुळत नसेल, तर नवी घ्यायला हरकत नाही. रंग आवडत नाही किंवा मित्राकडे मोठ्या नावाची आहे, ही कारणं मात्र पुरेशी नाहीत.

निवडताना काय बघायचं?

लांबी : तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीला स्केल म्हणतात. नेहमीची बेस ३४ इंची असते, छोटी ३० इंची. ३४ इंचीवर पहिल्या पडद्यापर्यंतचं अंतर सुमारे ४८ मिलिमीटर, ३० इंचीवर सुमारे ४३. तिसऱ्या पडद्यापर्यंत हा फरक १६ मिलिमीटरपर्यंत वाढतो. दहा-बारा वर्षांच्या हाताला तो चांगलाच जाणवतो. छोटी बेस म्हणजे खेळणं नव्हे. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराची, छोट्या स्केलची हॉफनर घेतली. ती स्वस्तातली होती, आणि तीच पुढे त्यांची ओळख झाली.

वजन : बेस साधारण साडेतीन ते साडेचार किलोची असते. दुकानात पट्टा लावून दहा मिनिटं उभं राहून वाजवायला सांगा. हात सोडल्यावर नेक खाली झुकत असेल तर ती नको. पट्टा रुंद घ्या.

पिकअप : 'प्रिसिजन' पद्धतीचा पिकअप ठाम, भरीव आवाज देतो. 'जॅझ' पद्धतीचे दोन पिकअप जास्त स्पष्ट वाजतात. 'पी-जे' मध्ये दोन्ही प्रकारचा एकेक असतो. काय आवडेल हे अजून ठरलं नसेल तर पी-जे सोयीचा.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह : ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल लावून ठेवली की ती संपत राहते. शिकणाऱ्याला पॅसिव्ह पुरते.

चार की पाच तारा : चार. पाचवी तार हवी असण्याचं कारण मुलाला स्वतःला सांगता आलं, की मग बघू.

यामाहा टीआरबीएक्स-१७४, कॉर्टची ॲक्शन, आयबानेझची जीएसआर आणि स्क्वायरची ॲफिनिटी ही या गटातली ओळखीची नावं. छोट्या हातांसाठी स्क्वायर ब्रॉन्को (३० इंच) किंवा आयबानेझ मिक्रो (२८.६ इंच) बघा. बजेट साधारण वीस ते तीस हजार धरा, पण भाव बदलत असतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करा. हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरलात तर धोबी तलाव जवळच आहे. १८६५ पासूनचं फुर्तादोस तिथेच आहे. ऑनलाइन स्वस्त दिसली तरी त्याच मॉडेलची एक गिटार आधी हातात घेऊन बघा.

सगळे पैसे गिटारीवर घालवू नका

मोबाइलचा स्पीकर ४१ हर्ट्झचा सूर देऊच शकत नाही. त्यावर सराव केला तर मुलाला स्वतःची बेस नीट ऐकूच येत नाही. साध्या गिटारीच्या छोट्या ॲम्पवर बेस मोठ्याने वाजवली तर स्पीकर खराब होऊ शकतो. म्हणून हेडफोनचं भोक असलेला छोटा बेस ॲम्प घ्या. आपल्या सोसायट्यांमध्ये तर हेडफोन हवाच, कारण खर्जाचा आवाज भिंती-स्लॅबमधून सहज पलीकडे जातो.

एक धोक्याची सूचना. ॲम्प चालू असताना तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर लगेच स्विच बंद करा, प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरातल्या अर्थिंगमध्ये किंवा ॲम्पमध्ये दोष असू शकतो. नवी गिटार घेऊन तो जाणार नाही.

शिक्षकांसाठी उपक्रम

वर्गात कोणतीही गिटार आणा. मुलांना नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत आणि तिथून ब्रिजपर्यंत अंतर मोजू द्या. दोन्ही जवळपास सारखी येतील. म्हणजे तारेची लांबी निम्मी झाली की कंपनं दुप्पट होतात. मग प्रत्येक दोन पडद्यांमधलं अंतर मोजून तक्ता करा. मागच्या अंतराला सुमारे १.०६ ने भागलं की पुढचं अंतर मिळतं. गुणोत्तर, ध्वनी आणि संगीत एकाच तासात.

घरी गिटार तपासतानाही मोजपट्टी मुलाच्याच हातात द्या. चारही नोंदी त्याने वहीत लिहाव्यात. "ही गिटार बेकार आहे" म्हणणारं मूल "जाड तार बाराव्या पडद्यावर ४ मिलिमीटर उंच आहे" असं म्हणू लागलं, की खरेदीचा निर्णय त्याच्याबरोबर बसून घेता येतो.